गर्भ निवडायचा तो कशासाठी?

आज सांगलीत एक जाहिरात दिसली. 'जनुकीय तपासणीतून निरोगी आणि हुशार बाळ.' निरोगी समजलं. हुशार? डोकंच फिरलं.

मिरजेतलं एक जोडपं डोळ्यांसमोर आलं. मामाच्या मुलीशी लग्न. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराच्या जनुकाची एक सदोष प्रत अंगात, पण स्वतः धडधाकट. कळलं कधी, तर थोरला मेजर, म्हणजे दोघांकडून दोष आलेला, निघाल्यावर. त्या पोराला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात, आणि त्यातून साठणारं लोह काढायला रोज डेफेरासिरॉक्सची गोळी. गर्भनिवड आहे ती अशा घरासाठी! इंजेक्शनं देऊन बीजं वाढवायची, फलन लॅबमध्ये, पाचव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पाचेक पेशी काढून गर्भ गोठवायचा आणि आईबापांत सापडलेला नेमका दोष त्या पेशींत शोधायचा. प्रत्येक गर्भ मेजर असण्याची शक्यता चारात एक. निरोगी निघालेला रुजेलच असं नाही. इतक्याशा डीएनएत कधी जनुकाची एक प्रत वाचलीच जात नाही आणि रिपोर्ट चुकतो, म्हणून दिवस राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कण तपासून खात्री करून घ्यायची.

बुद्धीचा असा एक दोष नसतो. हजारो जनुकं, एकेकाचा वाटा कणभर, आणि त्यांची बेरीज करून काढलेले गुणांक बेतलेत मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर. त्यावर एकाच आईबापांच्या चार गर्भांतून 'हुशार' निवडून देतो म्हणणं ही शुद्ध लूट आहे.

त्याच पेशींत मुलगा की मुलगी तेही दिसतं. २०१७ साली म्हैसाळला बेकायदा गर्भपातांचे १९ भ्रूण पुरलेले सापडले, तो आपलाच जिल्हा. गर्भधारणेआधीच्या लिंगनिवडीलाही २००३ पासून बंदी आहे, ती हवीच.

कुठलं आयुष्य नको हे ठरवणारे तुम्ही कोण, असं अपंगांच्या चळवळीतले लोक विचारतात. त्यांचं म्हणणं मला पुरतं खोडता येत नाही. तरी मिरजेच्या त्या माउलीला दुसऱ्या वेळी 'नशिबावर सोड' असं माझ्याच्यानं सांगवणार नाही.

मुळात तिच्यावर ही वेळ यायलाच नको होती. नात्यात लग्न ठरतंय? आधी दोघांचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. त्यातला एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला तर जोडीदाराचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येतो, तेव्हा फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तेही बघा. आणि नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर लॅबला आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट रक्तदात्याच्या रक्ताचा येईल.