जेम्स वेबनं बिग बँग खोटा ठरवलेला नाही, आणि नारळीकर सरांचं नाव त्यात ओढू नका

गेले बरेच दिवस एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय, आता त्याच्या रील पण आल्यात. मजकूर थोडक्यात असा: नासाच्या जेम्स वेब दुर्बिणीनं बिग बँग खोटा ठरवलाय, शास्त्रज्ञांमध्ये घबराट पसरलीय, एका संशोधक बाईंची तर झोप उडालीय, विश्व पसरतच नाहीये, त्याचं वय १३८० कोटी नाही तर २६७० कोटी वर्षं आहे, खरं तर ते अनादि अनंत आहे, आपले जयंत नारळीकर आयुष्यभर हेच सांगत होते, आणि नासा डेटा दाबून ठेवतं. यात मधेमधे खऱ्या गोष्टींचे तुकडे आहेत म्हणूनच तो चांगल्या शिकलेल्या माणसांनाही पटतो, त्यामुळे "काहीही फेकतात" म्हणून सोडून न देता एकेक मुद्दा घेतो.

"शास्त्रज्ञांमध्ये घबराट"

जेम्स वेबचे पहिले फोटो जुलै २०२२ मध्ये आले आणि काही दिवसांतच शास्त्रज्ञांचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, यायला लागले. त्यातल्या एकाच्या शीर्षकात "पॅनिक" शब्द होता. ती पॅनिक ॲट द डिस्को या अमेरिकन बँडच्या नावावर केलेली कोटी होती, कारण पेपर तबकडीसारख्या, म्हणजे डिस्क दीर्घिकांबद्दल होता. आधीच्या हबल दुर्बिणीच्या फोटोंवरून वाटलं होतं त्यापेक्षा अशा दीर्घिका लांबवर खूप जास्त दिसतायत एवढंच त्यात म्हटलंय, बिग बँगवर शंका कुठेच नाही. मग ऑगस्टमध्ये एरिक लर्नर यांनी बिग बँग झालाच नाही असा लेख लिहिला, हे गृहस्थ १९९१ पासून पुस्तक लिहून तेच म्हणतायत, तेव्हा जेम्स वेब बघून त्यांचं मत बदललं अशातला भाग नाही. त्या लेखात त्यांनी कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलिसन कर्कपॅट्रिक यांचं वाक्य वापरलं, की मी पहाटे तीनला जागी असते आणि आजवर केलेलं सगळं चुकलं की काय असं वाटतं. त्या दीर्घिकांच्या वाढीवर काम करतात आणि बोलत होत्या त्याबद्दलच. आपलं वाक्य मोडूनतोडून वापरलं गेलं हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं, ट्विटरवर स्वतःच्या नावात "बिग बँग झाला होता" असं घातलं, तरी आपल्याकडे फक्त झोप उडाल्याचीच बातमी पोचली. एका बाईच्या तोंडी ती ज्याच्या विरोधात आहे तेच घालून फिरवणं मला फार वाईट वाटतं.

"इतक्या लवकर इतक्या मोठ्या दीर्घिका शक्यच नाहीत"

हा मेसेजमधला सगळ्यात दमदार मुद्दा आहे, कारण इथे खरंच कोडं आहे. पण कोडं काय आहे ते नीट बघायला पाहिजे. सुरुवातीला अंतरं काढली जात होती ती वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेल्या फोटोंवरून, म्हणजे अंदाजे. सीअर्स-९३३१६ नावाची एक दीर्घिका २०२२ मध्ये खूप गाजली, रेडशिफ्ट १६.४, म्हणजे बिग बँगनंतर जेमतेम २३.५ कोटी वर्षांची. (रेडशिफ्ट म्हणजे वाटेत प्रकाश किती ताणून लाल झाला त्याचं माप, तो जितका जास्त तितकी दीर्घिका लांब आणि तितक्या जुन्या काळातली आपल्याला दिसते.) पुढच्या वर्षी तिचा स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे प्रकाश रंगारंगांत वेगळा करून मोजला, तर रेडशिफ्ट निघाला ४.९, म्हणजे बिग बँगनंतर शंभर कोटींहून जास्त वर्षं होऊन गेल्यावरची, तिच्यातल्या वायूच्या तेजस्वी रेषा आणि धूळ यांनी फिल्टरमध्ये फसवलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा "अशक्य" वजनाच्या दीर्घिकांचा पेपर आला आणि मेसेजवाल्यांना तो फारच आवडला, त्यातली एक स्पेक्ट्रममध्ये बरीच जवळची निघाली आणि तिच्यात भरपूर खाणारं कृष्णविवर सापडलं, म्हणजे जो प्रकाश ताऱ्यांचा समजून वजन काढलं होतं त्यातला काही वाटा ताऱ्यांचा नव्हताच.

पण सगळ्याच फुसक्या निघाल्या असं मी म्हणणार नाही. जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका स्पेक्ट्रम घेऊन पक्की झालीय. हायड्रोजनमुळे १२१.६ नॅनोमीटरला प्रकाश कापला जातो, तो काप तिच्यात १.८५ मायक्रॉनच्या, म्हणजे १८५० नॅनोमीटरच्या, आसपास सरकलेला दिसतो, आणि २०२५ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीनं तिच्यातली ऑक्सिजनची रेषा पकडून रेडशिफ्ट १४.१८ असा नेमका केला. बिग बँगनंतर साधारण ३० कोटी वर्षं आणि इतका उजेड, वर अपेक्षेपेक्षा जास्त ऑक्सिजन! तारे अंदाजापेक्षा लवकर आणि झपाट्यानं बनले हे मान्यच करायला पाहिजे, ते का, यावर आज कडाक्याचे वाद चालू आहेत, कोणी म्हणतं तारे झटक्याझटक्यानं बनत होते, कोणी म्हणतं धूळ कमी होती, कोणी कृष्णविवरांकडे बोट दाखवतं.

आता विचार करा, विश्व अनादि असतं आणि पसरत नसतं तर लांबच्या दीर्घिका आणि जवळच्या दीर्घिका साधारण सारख्या दिसायला हव्या होत्या ना? जेम्स वेबला दिसतायत त्या लांबच्या दीर्घिका लहान, गच्च आणि सूर्याच्या तुलनेत जड मूलद्रव्यांनी गरीब. म्हणजे जितकं मागं जावं तितकं विश्व कमी वयाचं दिसतंय, आणि हे त्याच दुर्बिणीतून दिसतंय जिचं नाव घेऊन मेसेज फिरतोय.

"विश्व पसरत नाही, प्रकाश दमतो म्हणून लाल होतो"

दमलेल्या प्रकाशाची कल्पना फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ मध्येच मांडली होती, त्या काळी ती अगदी रास्त होती. पण प्रकाश नुसता दमत असेल तर लांबच्या घटना संथ दिसायचं कारण नाही. विश्व पसरत असेल तर मात्र त्या संथ दिसल्याच पाहिजेत, रेडशिफ्ट १ असलेला सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारा तारा, उजळून विझायला जवळच्यापेक्षा दुप्पट वेळ घेताना दिसला पाहिजे. २०२४ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या टीमनं १५०४ सुपरनोव्हा तपासले आणि बरोब्बर त्याच प्रमाणात वेळ ताणलेला सापडला.

दुसरा पुरावा तर आपल्या पुण्याच्या माणसाचा आहे आणि तो या ग्रुपांमध्ये कोणालाच माहीत नसतो याची मला खंत वाटते. आज सगळ्या आकाशात भरलेल्या मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीचं, म्हणजे सगळीकडून येणाऱ्या मंद मायक्रोवेव्ह किरणांचं, तापमान २.७२५ केल्विन आहे. विश्व पसरत आलं असेल तर हे तापमान पूर्वी जास्त असलं पाहिजे. पण पूर्वीचं तापमान मोजायचं कसं? पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी एका लांबच्या क्वेसारच्या, म्हणजे दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या, प्रकाशाच्या वाटेत आलेला वायूचा ढग पकडला, त्यातले कार्बनचे अणू त्या काळच्या पार्श्वभूमीच्या उबेनं किंचित वरच्या ऊर्जा पातळीवर गेलेले होते, किती गेलेत ते मोजलं की तेव्हाचं तापमान कळतं. २००० साली उत्तर आलं ६ ते १४ केल्विनच्या मधे. मग २००८ मध्ये दुसऱ्या एका ढगात कार्बन मोनॉक्साइड सापडला आणि आकडा आला ९.१५ केल्विन, चूक पाऊण केल्विनच्या आत. रेडशिफ्ट २.४१८ ला सिद्धांत सांगतो ९.३. साधारण ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या ढगातून तेव्हाच्या पार्श्वभूमीचं तापमान पुण्यातला माणूस चिलीतली दुर्बीण वापरून घेतो आणि ते गणितावर बसतं, विश्व पसरत नाही म्हणणाऱ्यांनी आधी या आकड्याचं उत्तर द्यावं.

"वय २६७० कोटी वर्षं"

२०२३ मध्ये ओटावा विद्यापीठाच्या राजेंद्र गुप्ता यांनी हा आकडा मांडला, दमणारा प्रकाश आणि काळानुसार बदलणारे निसर्गाचे स्थिरांक एकत्र करून. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही. पण त्यांच्या मॉडेलमध्येही विश्व पसरतं आणि त्याला वय आहे, त्यामुळे २६७० कोटी आणि अनादि हे दोन्ही एकाच मेसेजमध्ये बसूच शकत नाही.

"नारळीकर हेच सांगत होते"

नाही हो. सर बिग बँगच्या विरोधात होते हे शंभर टक्के खरं, शेवटपर्यंत होते, आणि त्याचा आदर वाटावा असाच त्यांचा मार्ग होता. १९९३ मध्ये फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी जे मॉडेल मांडलं त्यात विश्वाला सुरुवात नाही, पण ते पसरतं आणि आकसतं, एकेक आवर्तन साधारण ५००० कोटी वर्षांचं, आणि एकंदरीत ते वाढतच जातं. मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी म्हणजे आधीच्या आवर्तनांतला ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी शोषून परत सोडलेला, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे विश्व स्थिर आहे, प्रकाश दमतो, यातलं काही सरांचं नाही. पार्श्वभूमीतल्या लाखात एक इतक्या बारीक चढउतारांचा जो ठरावीक पॅटर्न डब्ल्यूमॅप आणि प्लँक यानांनी मोजला तो बिग बँगमधून आकड्यासकट निघतो, सरांच्या मॉडेलमधून तसा निघाला नाही, म्हणून बाकीच्यांनी ते स्वीकारलं नाही. पण सरांनी आपलं म्हणणं पेपर लिहून, समीकरणं मांडून, समोरच्याला उत्तर देऊन लढवलं. आणि त्यांनी उभ्या केलेल्या आयुकातच तापमानाचं वरचं मोजमाप करणारा माणूस काम करत होता, कोणाला त्यांच्या मताच्या बाजूनंच निकाल काढावा लागला नाही. मे २०२५ मध्ये सर गेले, ते आता येऊन खुलासा करू शकत नाहीत, तेव्हा त्यांच्या तोंडी काहीही घालू नका ही कळकळीची विनंती.

"नासा डेटा दाबून ठेवतं"

पहिल्या फोटोंचा कच्चा डेटा फोटोंबरोबरच जगाला खुला झाला, म्हणून तर आठवड्याभरात पेपर आले. काही निरीक्षणं टीमला आधी वर्षभर वापरायला मिळतात आणि मग तीही खुली होतात. आर्काइव्ह ऑनलाइन आहे, फुकट आहे, आपल्याकडचे विद्यार्थीसुद्धा वापरतात.

"विश्व अनंत काळ असंच राहणार"

याचं उत्तर आज कोणाकडेच पक्कं नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. १९९८ मध्ये विस्ताराचा वेग वाढतोय हे कळलं तेव्हापासून धरून चाललो होतो की डार्क एनर्जी, म्हणजे हा वेग वाढवणारी अनोळखी ऊर्जा, कायम तेवढीच राहते, तसं असेल तर लांबच्या दीर्घिका एकेक करून नजरेआड जातील, नवे तारे बनायचे थांबतील, आणि शेवटी थंड काळोख. पण ॲरिझोनातल्या किट पीकवर डेसी नावाचं उपकरण एका वेळी ५००० फायबर लावून दीर्घिकांचे स्पेक्ट्रम घेतंय, आणि मार्च २०२५ मध्ये दीड कोटीच्या आसपास दीर्घिका आणि क्वेसारांवरून त्यांनी सांगितलं की डार्क एनर्जी बहुतेक कमकुवत होत चाललीय. खात्री २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नसल्याचं माप), शोध म्हणायला ५ लागतात, आणि सोबत कुठला सुपरनोव्हांचा संच जोडला त्यावर हा आकडा वरखाली होतो. त्यामुळे विश्व कायम पसरत जाणार, परत आकसणार, की जैसे थे राहणार, यातलं काहीही आज जो छातीठोकपणे सांगतोय त्याच्याकडे ते सांगण्याइतका डेटा नाहीये.