पट्टा शेवटच्या भोकात

ऑपरेशननंतरचे पहिले तीन आठवडे मी संत होतो. पोह्यांची बशी समोरून गेली तरी मनात तरंग उठत नसे. शेजारच्या काकू कांदाभजी तळायला लागल्या की आपल्या पुण्याच्या सिमला ऑफिसने, म्हणजे वेधशाळेने, पावसाची नोंद घ्यावी तेवढ्या अलिप्तपणे मी वासाची नोंद घेई. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी वाटीभर वरणाचं पाणी, संध्याकाळी पेलाभर ताक, की माझा दिवस संपला. "आई, पैसे वसूल झाले बघा," असं बायको सासूला, म्हणजे माझ्या आईला, म्हणाली. आईने देवापुढे साखर ठेवली. तीही मला खावीशी वाटली नाही. आता बोला!

२०१० सालची गोष्ट. तेव्हा माझं वजन एकशे अठरा किलो आणि उंची पाच फूट सहा इंच. बँकेत माझ्यासाठी बिनहाताची खुर्ची मागवली होती, कारण हातांच्या खुर्चीतून मी उठलो की खुर्चीही सोबत उठायची. कमरेच्या पट्ट्याला चांभाराकडून तीन जादा भोकं पाडून घेतली होती आणि मी त्यातल्या शेवटच्या भोकात राहत होतो. साखर आणि रक्तदाब दोन्ही वर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, बॅन्ड बसवू.

बॅन्ड म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला गुंडाळायचा सिलिकॉनचा पट्टा. दुर्बिणीतून, पोटाला पाच भोकं पाडून तो बसवतात. पट्ट्याच्या वर जठराची जी पिशवी उरते तिच्यात एकदोन मोठे चमचे अन्न मावतं. पट्ट्याच्या आतल्या अंगाला फुगा, फुग्याला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पोटाच्या कातडीखाली रुपयाएवढं 'पोर्ट'. त्यात सुईने सलाईन सोडलं की फुगा फुगतो आणि पट्टा आवळतो.

"म्हणजे सायकलची ट्यूब की! आणि तो व्हॉल्व्ह," मेहुणा म्हणाला.

डॉक्टरांना ही उपमा फारशी आवडली नाही, पण त्यांना खोडताही आली नाही. आमच्या घरात मात्र ऑपरेशन त्या क्षणी सर्वांना समजलं. समजलं नाही ते एवढंच, की ट्यूब बसवली म्हणजे हवा भरली असं होत नाही. पट्टा बसवतात तेव्हा तो रिकामा असतो. आतली जखम भरायची, पट्टा जागेवर बसायचा, मग साधारण सहा आठवड्यांनी पहिलं सलाईन. डॉक्टरांनी हे सांगितलंही असणार. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष 'उद्यापासून दोन आठवडे फक्त पातळ' या वाक्यावर खिळलं होतं. ऑपरेशनआधी यकृत आकसावं म्हणून पातळ आणि ऑपरेशननंतर टाके सांभाळायचे म्हणून पातळ. मधे गटारी अमावस्या आली. त्या रात्री माझे मित्रही पातळ आहारावरच होते, पण त्यांची आणि माझी साधना निराळी.

तर मग ते तीन आठवडे माझी भूक गेली होती कुठे? कुठेच नाही. ऑपरेशनमुळे आत सूज होती, म्हणून थोडक्यात पोट भरल्यासारखं वाटत होतं. माझं संतपण म्हणजे सूज होती.

ती उतरली तो दिवस मला पक्का आठवतो. श्रावणातला तिसरा सोमवार. उपासाच्या दिवशी बँकेत जेवढं खाल्लं जातं तेवढं एरवी कधीच खाल्लं जात नाही. अकरालाच डबे उघडले होते. मी काउंटरवर एका गृहस्थांना त्यांची मुदत ठेव मुदतीआधी का मोडू नये हे समजावत होतो. मागच्या टेबलावर कुणीतरी साबुदाण्याच्या खिचडीत चमचा घातला. दाण्याचं कूट, तूप, जिरं, आणि तळाला लागलेला तो खरपूस भाग खरवडल्याचा आवाज! पोटातून असा काही सूर निघाला की गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. महिनाभर गावाला गेलेली मंडळी परत यावीत, कुलूप उघडावं, सगळ्या खिडक्या धडाधड उघडाव्यात, पंखे लावावेत, आणि 'चहा टाका रे' म्हणून आतून हाक यावी, तशी भूक परत आली. नुसती आली नाही. महिन्याची थकबाकी घेऊन आली.

आता हे सांगायचं कुणाला? ऑपरेशनसाठी आम्ही मुदत ठेव मोडली होती. होय, मुदतीआधी. दंडासकट. घरात आई मला वाटीभर पेज पिताना पाहून पदराने डोळे टिपत होती, बायको अभिमानाने फोनवर माहेरी किलोचा हिशेब देत होती, आणि भेटेल तो विचारत होता, "आता भूकच लागत नसेल ना?"

"छे छे," मी म्हणायचो. "आठवणसुद्धा होत नाही."

हे म्हणताना समोरच्याच्या शर्टाला डिंकाच्या लाडवाचा वास येतोय हे मला सहा फुटांवरून कळत असे.

पट्ट्याची खरी गंमत पुढेच आहे. रिकामा असला तरी तो अगदीच निरुपयोगी नसतो. जे खायला हवं ते नेमकं अडवतो. पोळी अडकते, भात चिकटून बसतो, ब्रेड तर बूच मारल्यासारखा. आणि आइस्क्रीम? श्रीखंड? बासुंदी? आषाढी वारीत ज्येष्ठ नागरिकांना वाट करून द्यावी तसं अदबीने खाली जाऊ देतो. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला होता: घास सुपारीएवढा, वीस वेळा चावा, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. वरण-भात वीस वेळा चावून पाहिलाय कधी? सातव्या वेळेलाच तो तोंडातून निघून गेलेला असतो. पुढच्या तेरा वेळा आपण श्रद्धेने चावायचं. असं चावताना जेवण पाऊण तास चालतं, समोरची मंडळी आंचवून, बडीशेप खाऊन, वामकुक्षीला जातात, आणि आपण रिकाम्या पंगतीत रवंथ करत बसतो.

रात्री झोप येईना. मग मुलाच्या कॉम्प्युटरवर मी या पट्ट्याचं कुळ-मूळ शोधत बसलो. असा फुगवता येणारा पहिला पट्टा दुर्बिणीतून बसवला १९९३ साली, बेल्जियममध्ये. म्हणजे चॉकलेटवाल्यांच्या देशात, आणि पट्ट्यातून सर्वांत सुरळीत जाणारा पदार्थ कुठला, तर चॉकलेट. अमेरिकेने त्याला परवानगी दिली २००१ मध्ये. त्याच रात्री मला घ्रेलिनही भेटलं. भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारं हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं आणि ते बनतं मुख्यतः जठराच्या वरच्या भागात. 'स्लीव्ह' नावाच्या ऑपरेशनात तो भाग कापूनच टाकतात. हल्ली बहुतेक लोक तेच करून घेतात, पट्टा मागे पडला. पण पट्ट्यात जठर कापत नाहीत. कारखाना जागेवर, कामगार जागेवर, तिन्ही पाळ्या चालू. आम्ही फक्त गेटवर एक पट्टी लावली होती, आणि तीही उघडी. रात्री पावणेबाराला हे वाचून मी स्वयंपाकघरात गेलो आणि उभ्यानेच चार चमचे श्रीखंड खाल्लं. दिवा लावला नाही. चमचा धुऊन, पुसून, होता त्याच कोनात ठेवला.

आणि मग गणपती आले.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. चतुर्थीला दुपारी उकडीच्या मोदकांचा नैवेद्य, एकवीस. मला तेव्हा मऊ आहाराची परवानगी मिळाली होती, पण मोदकांना नव्हती, कारण उकड म्हणजे तांदळाचं पीठ आणि तांदळाचं पीठ म्हणजे डिंक. बाहेर गुरुजी प्राणप्रतिष्ठा करत होते, सगळी माणसं बाहेर. मी पाट आणायला म्हणून आत आलो. ओट्यावर केळीच्या पानावर एकवीस मोदक, नुकतेच मोदकपात्रातून काढलेले, अंगावर अजून पाण्याचा पातळ तुकतुकीतपणा. एकाच्या कळीतून सारणाचा पाक किंचित पाझरला होता. वेलदोडा, जायफळ, ताजं खोबरं, गूळ. मी काही चोरी करायला गेलो नव्हतो. तो पाझरणारा मोदक नैवेद्याला कसा ठेवायचा, एवढाच विचार होता.

दोन घासांत गेला. वीस वेळा चावणं वगैरे त्या क्षणी सुचणं शक्यच नव्हतं.

आरती सुरू झाली आणि छातीच्या मधोमध, बरगड्या संपतात तिथं, कुणीतरी मूठ आवळली. खाली जात नाही, वर येत नाही. तोंडात लाळेचा पूर. गिळावी तर जागा नाही, पाणी प्यावं तर वरची पिशवी आधीच भरलेली, ते उलट तोंडावर येणार. मी ओठ घट्ट मिटून टाळ्या वाजवत उभा. एक उचकी आली, ती मी टाळीत मिसळली. दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आमच्या घरी आरत्या पाच होतात. मेहुण्याला त्या दिवशी सहावीही सुचली.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचेही डोळे भरून आले. "ऑपरेशन झाल्यापासून किती भाविक झालाय हो," ती शेजारच्या काकूंच्या कानात म्हणाली. काकूंनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

कापूर विझायच्या आत मी न्हाणीघर गाठलं. मोदकाचं विसर्जन गणपतीच्या दीड दिवस आधी झालं.

परत आलो तर नैवेद्याच्या पानावर मोदक एकवीस. मी दोनदा मोजले. एक जरा कुबडा दिसत होता, कळ्या कमी पडलेला, इतकंच. मला वाटलं मोजण्यात माझीच चूक झाली असेल. भुकेने माणसाला भास होतात असं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. ऋषीची भाजी, मऊ शिजलेली, तेल नाही, मसाला नाही. आहारतज्ज्ञ बाईंच्या कागदावर उतरवून घेतल्यासारखा पदार्थ. वाटीभर खाल्ली, एक कण अडकला नाही. अडीच तासांत पुन्हा भूक लागली. ऋषी कसे राहत असतील कोण जाणे.

मंगळवारी सहा आठवडे पुरे झाले. डॉक्टरांसमोर मी आणि ही, दोघंही.

"काय म्हणता? भूक लागते का?"

"छे छे," सवयीने तोंडातून निघून गेलं. "आठवणसुद्धा—"

"खोटं बोलताहेत, डॉक्टर," ही शांतपणे म्हणाली आणि पर्समधून हिशेबाची वही काढली. दूध, भाजी, इस्त्री, आणि शेवटच्या पानावर 'ह्यांची भूक'. ती वाचायला लागली. "श्रीखंड, रात्री पावणेबारा, चार चमचे. श्रीखंड, पुन्हा, तीन चमचे. दाण्याचा लाडू अर्धा, उरलेला अर्धा गव्हाच्या डब्यात. चतुर्थी, मोदक एक. एकवीसचे वीस झाले होते, मी पातेलं खरवडून उरलेल्या उकडीचा एक वळला."

कुबडा मोदक डोळ्यांसमोर आला. डॉक्टर वहीकडे ज्या नजरेने पाहत होते तसं त्यांनी माझ्या रिपोर्टांकडेही कधी पाहिलं नव्हतं.

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही आरतीत रडत होतात. म्हटलं, कळलंय वाटतं."

डॉक्टर म्हणाले, या आठवड्यांत सगळ्यांनाच भूक लागते. त्यात तुमचा काही दोष नाही, पट्टा रिकामाच आहे. फक्त तेव्हा फोन करायचा असतो, गव्हाच्या डब्यात लाडू लपवायचा नसतो. मला आडवं करून त्यांनी पोट चाचपलं, पोर्ट सापडलं, सुई टोचली. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच सोपं निघालं. दहा मिलीच्या पट्ट्यात पहिल्या खेपेला तीन मिली. मग उठवून पेलाभर पाणी घोटघोट प्यायला लावलं आणि ते खाली उतरतंय याची खात्री केली. "एका खेपेत जमेलच असं नाही. तीन-चार वेळा यावं लागतं. दोन दिवस पुन्हा पातळ."

बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता. कोपऱ्यावर वडापावची गाडी होती, नुकताच घाणा निघालेला.

"मला मात्र भूक लागलीय," ही म्हणाली.

मी तिची पर्स धरून उभा राहिलो. तिने पावात लसणाची चटणी भुरभुरवून घेतली, तळलेली मिरची दाताखाली तोडली आणि पहिला घास घेतला. मी मोजलं. चार वेळा चावते.

"वहीत लिहू का?" मी विचारलं.

"माझं नका लिहू," ती भरल्या तोंडाने म्हणाली आणि दुसऱ्या वड्यासाठी पैसे काढायला पर्स मागितली.