चकवा पाठवणे आहे

राक्षस सुचायला फारसं डोकं लागत नाही. खान्देशात कुठल्याही पारावर अर्धा तास बसा, मुंजा, गिऱ्हा, हडळ, खवीस सगळे फुकटात मिळतात. डोकं लागतं ते राक्षस रोलप्लेइंग गेमच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या फाशांच्या खेळाच्या, प्रकाशकाकडे धाडताना. राक्षस भयानक आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. हिट पॉइंट्सचा, म्हणजे तो किती मार सोसतो त्या आकड्याचा, हिशेब जुळतो का, एवढंच बघतात.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. राक्षस टिकतो साधारण तीन फेऱ्या, म्हणजे 18 सेकंद. तरी नवखा लेखक दोन पानं त्याच्या पणजोबांवर खर्च करतो आणि हल्ल्याला दीड ओळ देतो.

चकवाच घ्या, रात्री वाट चुकवणारं भूत. रावेर-यावलकडची केळीची बाग म्हणजे त्याचं हक्काचं घर. लागवड साधारण पाच बाय पाच फुटांवर, आणि खेळाच्या नकाशातला चौकोनही पाच फुटांचाच! एका चौकोनात एक खोड. नकाशा शेतकऱ्याने आधीच आखून ठेवलाय. चकव्याचा आकार मध्यम, म्हणून हिट पॉइंट्सचा फासा आठ बाजूंचा. असे आठ फासे, सरासरी साडेचार, झाले 36. कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे अंगातला दणकटपणा, 12, म्हणजे दर फाशामागे एक, आणखी 8. एकूण 44. मग रात्री उशिरा वाटतं, गडी जरा दणकट हवा. कॉन्स्टिट्यूशन 14 होतं, हिट पॉइंट्स मात्र 44 च राहतात. दर फाशामागे आता दोन, म्हणजे हवेत 52. संपादकाचं बोट नेमकं तिथेच पडतं. त्यातून आकार 'लार्ज' केला तर फासा दहा बाजूंचा, म्हणजे थेट 60. एक आकडा हलला की सगळी भावकी हलते.

आता त्याची करामत. चकवा मागून हाक मारतो, "कथा जाई राह्यना, भो?" म्हणजे, कुठे चाललास, भाऊ? ऐकणाऱ्याने विज्डमचा सेव्ह करायचा, म्हणजे भान सुटू नये म्हणून फासा टाकायचा. गाठायचा आकडा, म्हणजे अवघडपणा: मूळ 8, अधिक प्रोफिशिअन्सी (सरावाची भर) 2, अधिक करिश्मा (छाप पाडायची ताकद) 16 चे 3, म्हणजे 13. चुकला तर पुढच्या फेरीत तो ठिबकची नळी धरून उलट्या दिशेला चालू लागतो. ही करामत पुन्हा वापरायला सहा बाजूंच्या फाशावर 5 किंवा 6 पडावा असं लिहा. फक्त 6 लिहिलंत, तर तीन फेऱ्यांच्या आयुष्यात बिचाऱ्याला बहुधा एकदाच हाक मारता येईल.

तोड म्हातारी माणसं सांगतात तीच: जागेवर बसून राहायचं. पण खेळून पाहिल्याशिवाय ही लिहू नका. चार खेळाडूंना तोड कळली की चौघंही मांडी घालून बसतात आणि चकवा बांधावर ताटकळत उभा. म्हणून बसण्याला किंमत लावा: बसलेल्याची त्या फेरीतली कृती गेली, आणि त्याच्यावरचा हल्ला अॅडव्हांटेजने, म्हणजे फासा दोनदा टाकून चांगला आकडा घ्यायचा. आता बसावं की पळावं यावरून टेबलावर भांडण लागतं. राक्षस जमला तो इथे.

दुसऱ्याचा राक्षस मात्र उचलू नका. जानेवारी 2023 मध्ये या खेळाचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. श्रेयाची ओळ टाकून ते वापरता येतात. पण गिथयांकी हे याच खेळातले प्रसिद्ध राक्षस त्यात नाहीत. खरं तर ते एका वाचकानेच मासिकाला पाठवलेले, आणि 1981 च्या 'फीन्ड फोलिओ'च्या थेट मुखपृष्ठावर चढले. त्याच पुस्तकात फ्लम्फ नावाचा तरंगणारा, जेलीफिशसारखा सज्जन जीवही आहे. त्याची अजून टिंगल होते, तेव्हा आपण फार लाजू नये.

पाठवण्याआधी सूचना वाचा. निम्मे अर्ज इथेच बाद व्हावेत असं माझं मत. आधी दोन-तीन ओळींचा प्रस्ताव मागितला असेल तर तेवढाच. वर्ड फाइल म्हटलं तर पीडीएफ नको. शब्दमर्यादा 500 असेल तर 510 सुद्धा नको. चित्र मागितलेलं नसताना भाच्याने काढलेला चकवा जोडू नका, कितीही गोड असला तरी. आणि एकच राक्षस एकाच वेळी दोघांकडे नको. बरेच प्रकाशक ते चालवून घेत नाहीत.

होकार आला तर पेढ्यांआधी करार बघा. मोबदला बहुतेकदा शब्दागणिक असतो. 'वर्क फॉर हायर' लिहिलं असेल तर तुम्ही घडवलेला तो चकवा प्रकाशकाचा झाला. मुंजा, हडळ पारावर बसलेच आहेत, पण याच चकव्याचा दुसरा भाग काढून विकायचा तर प्रकाशकाचीच परवानगी घ्यावी लागेल, बाग तुमच्या मामांची असली तरी.