'सोलापूरची 23 टक्के मुलं शाळेबाहेर' हा दावा चुकीचा आहे

"सोलापूर जिल्ह्यातली 23 टक्के मुलं शाळेतच जात नाहीत, जनगणनेचा आकडा आहे," असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे 77 टक्के होती. कुणीतरी 100 मधून 77 वजा केले आणि उरलेल्यांना सरळ 'मुलं' म्हटलं.

जनगणनेत साक्षरता मोजतात ती 7 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांची, अगदी ऐंशीच्या आजीचीसुद्धा. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, अशाच एका आजींजवळ बसलो होतो. मांडीवर सूप, हातात कात्री, तेंदूची पानं कापणं चाललेलं. शेजारी नात इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचत होती. आजींना अक्षरओळख नाही, नात मात्र रोज शाळेत जाते. त्या मेसेजनं आजीची निरक्षरता नातीच्या नावावर टाकली, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणजे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल गळीत हंगामात चार-पाच महिने फडावर असतं, आणि नाव गावच्या पटावर तसंच राहू शकतं. हे नुकसान साक्षरतेच्या टक्क्यात दिसत नाही. त्यासाठी तीच मुलं पहिलीपासून दहावीपर्यंत, वर्षामागून वर्ष, पाहावी लागतात: कोण कुठे गेलं, परत आलं का, कोणत्या इयत्तेत सुटलं. लोकसंख्याशास्त्रात याला कोहॉर्ट अभ्यास म्हणतात, म्हणजे एकाच गटाचा वर्षानुवर्षं मागोवा.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.