यूपीएसला इन्व्हर्टरची बॅटरी जोडू नका: एका फिरत्या मेसेजचा समाचार

व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज सध्या घरोघरी पोचलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यूपीएस आणि इन्व्हर्टर एकच, फरक फक्त बॅटरीच्या आकाराचा. घरात इन्व्हर्टर असताना यूपीएस घेणं म्हणजे पैसे पाण्यात. यूपीएस आधीच घेतला असेल तर त्याला इन्व्हर्टरची किंवा गाडीची जुनी बॅटरी जोडा, कॉम्प्युटर सहा तास चालेल. स्क्वेअर वेव्ह-साइन वेव्ह (इन्व्हर्टरच्या विजेची लहर चौकोनी की घरच्या विजेसारखी गोलाईदार) हा दुकानदारांचा बनाव. ऑक्सिजन मशीन कुठल्याही इन्व्हर्टरवर चालतं. आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर यूपीएस लावला की दोन्ही जळतात.

असल्या मेसेजकडे एरवी दुर्लक्षच करतो. पण आमच्या मामांनी तो वाचून गॅलरीतली जुनी बॅटरी पुसून ठेवली आणि "वायर किती जाडीची आणू?" असं विचारलं. म्हणून बॅटरीपासूनच सुरुवात.

मेसेजमधला सहा तासांचा हिशेब खरं तर बरोबर आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. कॉम्प्युटर नि मॉनिटर मिळून 150 वॉट धरले तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून, वाया जाणारं धरून, साधारण 15-16 अँपिअर जातात. चांगली 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी एवढा भार सहा तास सहज ओढेल. बॅटरी ओढेल हो, यूपीएस ओढेल का? घरगुती 600 व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या ताकदीचं माप) यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 एएचची सीलबंद बॅटरी असते. लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत फाइल सेव्ह करून मशीन बंद करा, एवढ्याच अपेक्षेने आतला ट्रान्सफॉर्मर, मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आणि त्यांच्या पाठीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मापलेली असते. बहुतेक मॉडेलांत पंखाही नसतो. छोटी बॅटरी संपते म्हणून ते तापायच्या आत थांबतात. मोठी बॅटरी जोडली की हे थांबणंच काढून टाकलं. मग ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचं इन्शुलेशन भाजतं, मॉस्फेट शॉर्ट होतात, आणि शॉर्ट झालेल्या मॉस्फेटच्या पाठीशी आता 7 नव्हे तर 150 एएच उभे असतात.

पूर्ण भाराचं गणित तर याहून वाईट. 600 व्हीए म्हणजे बहुतेक वेळा 360 वॉटच. 80 टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीकडून 37 अँपिअरच्या वर मागणी. आणि लोक जोडतात काय, तर घरच्या फिटिंगची उरलेली दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमीची) बारीक वायर, टोकं नुसती पिळून, मध्ये फ्यूज नाही. टर्मिनलवर पाना आडवा पडला तर मोठ्या बॅटरीतून क्षणात हजारावर अँपिअर वाहू शकतात.

चार्जिंगकडे तर मेसेजवाल्याने पाहिलेलंच नाही. या यूपीएसचा चार्जर साधारण 1 अँपिअरचा, 13.6 व्होल्टच्या आसपास स्थिर राहणारा. 150 एएच भरायला त्याला सव्वासहा दिवस लागतील, तेही वाया जाणारं काहीच न धरता. रोज लाइट जात असेल तर बॅटरी कधीच भरत नाही, प्लेटांवर सल्फेट बसतं. शिवाय इन्व्हर्टरच्या उंच ट्यूब्युलर बॅटरीला अधूनमधून 14.4 व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात. त्या वेळी उठणाऱ्या बुडबुड्यांनी अ‍ॅसिड ढवळलं जातं. ते मिळालं नाही की जड अ‍ॅसिड तळाशी बसतं आणि वर नुसतं पाणचट राहतं.

"जुनी" बॅटरी तर आणखी धोक्याची. तिचा एखादा सेल बसलेला असण्याची शक्यता बरीच. मग तेच 13.6 व्होल्ट सहाऐवजी पाच सेलांवर पडतात, म्हणजे सेलमागे 2.7. साधारण 2.4 च्या वर सेलमधून गॅस सुटू लागतो. म्हणजे ही बॅटरी टेबलाखाली रात्रंदिवस हायड्रोजन सोडत बसणार. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते, आणि यूपीएसमधला रिले (आपोआप चालणारा स्विच) दर चेंजओव्हरला, म्हणजे मेनवरून बॅटरीवर किंवा उलट जाताना, ठिणगी पाडतो. शिवाय काही छोट्या यूपीएसमध्ये बॅटरीची बाजू मेनपासून (बाहेरून येणाऱ्या विजेपासून) विलग केलेलीच नसते. डबा बंद असतो तोवर हरकत नाही. पण बॅटरी बाहेर आणून तिच्यात पाणी घालायला बसलात तर हात थेट 230 व्होल्टला लागू शकतो. गाडीच्या बॅटरीबद्दल एकच सांगतो: ती गाडी सुरू करण्यापुरत्या मोठ्या झटक्यासाठी पातळ प्लेटांची असते. खोलवर रिकामी करत राहिलात तर काही महिन्यांत संपते.

कुणी आधीच जोडली असेल तर यूपीएस बंद करा, प्लग काढा, पाना कापडात गुंडाळून आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह सोडवा, वायरच्या टोकांना टेप लावा. 7 एएचची सीलबंद बॅटरी नवीन आणून बसवा.

आता "दोन्ही एकच" हा मूळ दावा. यात अर्धं खरं आहे, कबूल. प्रत्येक यूपीएसच्या पोटात इन्व्हर्टर असतोच, कारण डीसीचं (बॅटरीतल्या विजेचं) एसी (घरातल्या प्लगची वीज) करणाऱ्या सर्किटचंच ते नाव. आणि आपल्याकडच्या कंपन्या घरच्या इन्व्हर्टरवर "होम यूपीएस" असं छापून गोंधळात भर घालतात. पण यूपीएस कशाला म्हणायचं, हे दुकानातल्या पाटीवरून ठरत नाही. त्यासाठी आयईसी 62040-3 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तीन वर्ग आहेत. व्हीएफडी: मेनमध्ये जे येईल तेच पुढे जातं, लाइट गेल्यावर बॅटरीवर उडी. व्हीआय: व्होल्टेज सावरून पुढे देतो, फ्रिक्वेन्सी मेनचीच. व्हीएफआय: दोन्ही स्वतंत्र, म्हणजे सतत एसीचं डीसी आणि डीसीचं पुन्हा एसी, ज्याला आपण ऑनलाइन यूपीएस म्हणतो. चांगल्या ऑनलाइन यूपीएसच्या माहितीपत्रकात व्हीएफआय-एसएस-111 असा कोड दिसेल. मधली अक्षरं वेव्हची जात सांगतात, आकडे सांगतात की अचानक बदल झाला तर आउटपुट किती डगमगतं. बॅकअप किती तास, याला त्या कोडमध्ये जागाच नाही. मेसेजवाला मात्र दोघांना बॅटरीच्या आकारावरूनच ओळखतो.

खरा फरक लाइट गेल्यावर किती मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी पडते, याचा आहे. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. इंटेलच्या डिझाइन गाइडप्रमाणे कॉम्प्युटरच्या एसएमपीएसने (आतल्या पॉवर सप्लायने) पूर्ण भारावर वीज गेल्यावर पूर्वी 16 मिलिसेकंद तग धरायचा होता, नव्या गाइडमध्ये तो आकडा 12 आहे. साधा यूपीएस दहाच्या आत चेंजओव्हर करतो, ऑनलाइनला चेंजओव्हर नसतोच. घरचा इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर 40 पर्यंत घेऊ शकतो. पंख्याला काय फरक पडतो? कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

"पण आमच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर मस्त चालतो." चालत असेल. मागे यूपीएस/नॉर्मल असं बटण आहे ना? यूपीएस मोडवर चेंजओव्हर बराच जलद होतो, पण त्याची किंमत असते. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण 180 ते 260 व्होल्टच मेन मानतो. संध्याकाळी जिथे 160 व्होल्ट येतात तिथे लाइट असूनही तो बॅटरीवर जाईल, बॅटरी चार्ज न होता उतरत राहील, आणि खरोखर लाइट गेली की शिट्टी मारून बंद पडेल. नॉर्मल मोडवर ठेवा, तर शंभर-सव्वाशे व्होल्टही तो न सावरता तसेच पुढे पाठवतो. तपासायचं असेल तर कॉम्प्युटरवर भरपूर काम चालू ठेवून इन्व्हर्टरला येणारी एमसीबी पाच वेळा पाडून बघा. प्लग उपसू नका, त्याने अर्थिंगही सुटतं. एकदा बॅटरी अर्धी उतरलेली असतानाही बघा.

वेव्हचा बनाव? स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो, फ्रिजची मोटर जास्त तापते, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (आत घेतला जाणारा करंट मेनच्या लहरीशी जुळवणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस थेट ट्रिप होतात. पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबाबत, म्हणजे मेसेजमधल्या ऑक्सिजन मशीनबाबत, मेसेज अर्धा बरोबर आणि पूर्ण धोकादायक आहे. इथे मिलिसेकंद महत्त्वाचे नाहीत, तास महत्त्वाचे आहेत, म्हणून इन्व्हर्टरच हवा, 600 व्हीएचा यूपीएस कामाचा नाही. पण "कुठलाही" नव्हे. मिनिटाला 5 लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण 350 वॉट घेतं आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. साइन वेव्हच हवा, आणि निदान 1 केव्हीएच्या आसपासचा. 150 एएचच्या एका बॅटरीवर तीन तासांच्या वर भरवसा ठेवू नका. जवळ ऑक्सिजनचा भरलेला बी टाइप सिलिंडर असूच दे. त्यात सुमारे 1,500 लिटर असतात, मिनिटाला 2 लिटरने बारा तास पुरतात.

शेवटचा दावा, इन्व्हर्टरच्या लाइनवर यूपीएस लावला की दोन्ही जळतात. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर यूपीएस ती वीज ओळखत नाही, टकटक करत राहतो आणि आपली बॅटरी संपवून बंद पडतो. म्हणजे जळत नाही, रुसतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर हीच जोडणी उत्तम: मधले मिलिसेकंद यूपीएस सांभाळतो, पुढचे तास इन्व्हर्टर. मात्र त्या यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका, तो तापताना यूपीएसच्या आवाक्याबाहेरचा करंट ओढतो. आणि फक्त राउटर चालू ठेवायचा असेल तर एवढाही खटाटोप नको. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्ट आणि 1 की 2 अँपिअर लिहिलंय ते बघा, पिनचा आकार जुळवा आणि तेवढ्याच मापाचा मिनी यूपीएस आणा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही द्यावा लागेल, नाहीतर वायफाय दिसेल आणि इंटरनेट नसेल.