झिजलेली चकती लहान ग्राइंडरला लावायचा सल्ला देणाऱ्यांनो, जरा थांबा

‘ग्राइंडर-कटरचे ७ देशी जुगाड, कंपनीवाले कधीच सांगणार नाहीत!’ असा एक मेसेज आणि सोबतचा व्हिडिओ सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर धुमाकूळ घालतोय. शेतकऱ्यांचे ग्रुप, वेल्डिंगवाल्यांचे ग्रुप, झालंच तर आमच्या भावकीचा ग्रुप. फॅब्रिकेशनच्या धंद्यात असली ज्ञानगंगा रोजच वाहते, त्यामुळे मी पुढे सरकलो असतो. पण चोपड्याकडच्या भाच्याचा फोन आला. ‘मामा, चौदा इंची कटरच्या झिजलेल्या चकत्या तुम्ही भंगारात टाकता ना? मला ठेवा चार-पाच. माझ्या पाच इंची ग्राइंडरला बसवतो. गार्ड काढून ठेवलंय.’

गार्ड, म्हणजे चकतीवरचं लोखंडी झाकण, काढूनही ठेवलंय! म्हणजे मेसेज नुसता वाचून झाला नव्हता, त्याची अंमलबजावणी सुरू झाली होती.

ज्यांच्यापर्यंत हा मेसेज अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी सातही जुगाड सांगतो. एक, गार्ड काढा, कोपऱ्यात हात पोचतो. दोन, १४ इंची कटरची (जमिनीवर ठेवून पाईप कापायच्या मोठ्या मशीनची) झिजलेली चकती फेकू नका, ५ किंवा ७ इंची ग्राइंडरला लावा. तीन, ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावा, एकाच मशीनमध्ये दोन कामं. चार, रिकामा ड्रम पाण्याने खंगाळून बिनधास्त कापा. पाच, हातमोजे घालू नका, हात ओढला जातो. सहा, चकतीवरची एक्सपायरी म्हणजे कंपनीची लबाडी. सात, डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर पापणीवरून चुंबक फिरवा आणि गाईचं तूप सोडा.

सुरुवात दुसऱ्यापासूनच करतो, कारण जीव जाईल तो त्यानेच.

कोणतीही चकती हातात घ्या. तिच्यावर दोन आकडे छापलेले असतात, मीटर प्रति सेकंद आणि आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. धातू कापायच्या नेहमीच्या चकतीवर ८० मीटर प्रति सेकंद लिहिलेलं असतं. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २८८ किलोमीटरपर्यंत गेला तर ती टिकेल, पुढची हमी नाही. १४ इंची चकतीच्या बाबतीत हा वेग साधारण ४,३०० आरपीएमला गाठला जातो, म्हणून १४ इंची कटर त्याच्या आत, ३,८०० च्या आसपास फिरतं. आता भाच्याचं ५ इंची ग्राइंडर बघा. ते फिरतं ११,००० ने. झिजून ८ इंच उरलेली चकती त्याला लावली की कडेचा वेग होतो साधारण ११७ मीटर प्रति सेकंद, ताशी चारशे किलोमीटरच्या वर. आणि फिरणाऱ्या वस्तूवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दीडपटही झाला नाही, तोवर ताण दुपटीच्या वर गेला. ही चकती म्हणजे पोलाद नव्हे. घासणारे कठीण दाणे रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थात, कालवून, मध्ये काचेच्या धाग्यांची जाळी घालून दाबलेली वडी आहे ती.

कुणी हिशेबी माणूस म्हणेल, ‘चकती झिजून सातच इंच उरली आणि ७ इंची मशीनला लावली, तर ८,५०० आरपीएमला वेग बरोबर ८० च येतो की!’ येतो. कागदावर येतो, एवढं मान्य. पण चौदाच्या चकतीचं भोक असतं २५.४ मिलिमीटरचं आणि ७ इंची ग्राइंडरची बैठक असते २२ ची. मधल्या तीन मिलिमीटरमध्ये तुम्ही काय घालणार? व्हिडिओतल्या भाऊने पत्र्याची पट्टी गुंडाळून घातली आहे. चकती केसभर जरी एका अंगाला बसली तरी हातात थरथर जाणवते, आणि ती थरथर चकतीच्या आतही चाललेली असते. शिवाय कटरवर महिनाभर दणके खाल्लेली, कुठे बारीक तडा गेलेली ती चकती. आणि पहिल्या जुगाडाप्रमाणे गार्डही काढलेलं.

‘कंपनीवाले सांगणार नाहीत’ म्हणे. अहो, कंपनीवाल्यांनी ते छापून खोक्यात घालून दिलंय! ग्राइंडरच्या खोक्यात एक पुस्तिका येते, जी आपण चहाचा कप ठेवायला वापरतो. ती उघडा. मोठ्या मशीनवर झिजलेल्या चकत्या लहान मशीनला लावू नका, लहान मशीनचा वेग जास्त असतो आणि चकती फुटू शकते, हे त्यात जवळजवळ याच शब्दांत आहे. हिरव्या मशीनची पुस्तिका घ्या, निळ्या मशीनची घ्या, पिवळ्या मशीनची घ्या, वाक्य तेच सापडेल. कारण ते कुठल्या एका कंपनीच्या डोक्यातून आलेलं नाही. हाती चालवायच्या विजेच्या अवजारांसाठी आयईसी ६२८४१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातल्या ग्राइंडरच्या भागात या सूचना द्यायलाच लावल्या आहेत. या लेखात पुढे मी ‘पुस्तिका’ म्हणेन तेव्हा हीच.

त्याच पुस्तिकेत आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या शेडमध्ये प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी करायला लावतो. नवी चकती बसवली की काम सुरू करायच्या आधी मशीन पूर्ण वेगात एक मिनिट मोकळं चालवायचं, आणि त्या वेळी चकतीच्या रेषेत आपण उभं राहायचं नाही, दुसऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही. चकतीत दोष असेल तर ती बहुतेक वेळा त्या मिनिटातच फुटते. फुटली तर तुकडे चकतीच्या पातळीत, सरळ बाहेर जातात. कडेला उभा असलेला माणूस वाचतो. समोर वाकून बघणाऱ्याचं तोंड त्याच रेषेत असतं.

आता गार्ड. आतल्या कोपऱ्यात गार्ड अडतं, हे खरं आहे. स्क्वेअर पाईपची फ्रेम वेल्ड करून झाल्यावर आतून काही कापायचं म्हटलं की प्रत्येक मिस्त्री शिव्या घालतो. पण गार्ड फिरतं! त्याचा पट्टा सैल करा, हवं तिकडे वळवा, पुन्हा आवळा. तरीही पोचत नसेल तर हॅक्सॉ घ्या, दहा मिनिटं जास्त लागतील. आणि खरा उपाय म्हणजे वेल्डच्या आधी मोजून कापा. गार्डचं काम ठिणग्या अडवण्यापुरतं नाही. चकती फुटली तर तुकडा आणि तुमचं तोंड यांच्यामध्ये तेवढंच एक असतं, आणि झटका बसून मशीन उसळलं तर फिरती चकती आणि तुमचा अंगठा यांच्यामध्येही तेच.

झटका कसा बसतो हे मात्र त्या मेसेजमध्ये एका शब्दाने नाही, म्हणून इथे लिहितो. वीस फुटी पाईप दोन्ही टोकांना दोन स्टुलांवर ठेवला आणि मधोमध कापायला घेतला. काप खोल जातो तसा पाईप स्वतःच्या वजनाने मध्ये वाकतो, काप वरून मिटतो आणि चकतीला चिमटा बसतो. चकती थांबली, पण मोटर थांबलेली नाही. मग मशीनच उसळतं, बहुतेक वेळा तुमच्याच दिशेने. म्हणून पाईप कापाच्या जवळ टेकवायचा, वाइसमध्ये किंवा क्लॅम्पने घट्ट धरायचा, आणि तुटून पडणारी बाजू मोकळी लटकू द्यायची. १४ इंची कटरलाही हाच नियम: एका बाजूला क्लॅम्प, दुसरी बाजू मोकळी. पायाने दाबून धरणं म्हणजे क्लॅम्प नव्हे. आणि चकती मध्येच अडकून बंद पडली तर तशीच कापात ठेवून बटण दाबायचं नाही. बाहेर काढायची, पूर्ण वेग घेऊ द्यायचा, मग हळूच परत घालायची.

दातेरी पात्याला याच कारणाने दोन ओळींत निकालात काढतो. केळीला टेकू द्यायचे बांबू कापायला यावल-रावेरकडे हा जुगाड बराच दिसतो. दात लाकडात रुतला की ग्राइंडर जागच्या जागी फेकला जातो. पुस्तिकेत दातेरी पातं आणि साखळीचं पातं दोन्हींना स्पष्ट मनाई आहे. बांबू करवतीने कापा, भो.

ड्रमचं मात्र दोन ओळींत भागणार नाही. आपल्याकडे दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे घरटी वस्तू. उभा कापला की गुरांची गव्हाण, आडवा कापला की पाण्याची टाकी. पण त्या ड्रममध्ये आधी काय होतं? थिनर, पेट्रोल, डिझेल, रंग, फवारणीचं औषध. ‘रिकामा’ ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षा जास्त धोकादायक असू शकतो, कारण भरलेल्या ड्रममध्ये वाफेला आणि हवेला जागाच कमी असते. रिकाम्यात मात्र दोन्ही भरपूर, फक्त ठिणगी कमी, ती तुम्ही घेऊन येता. पाण्याने एकदा खंगाळून काय होतं? तळाच्या आणि वरच्या काठाच्या दुमडीत जे मुरलेलं असतं ते तिथेच राहतं. डिझेल थंड असताना सहसा पेटत नाही, हे खरं. पण कापताना पत्रा तापतो, दुमडीतलं डिझेल तापून त्याची वाफ होते आणि बंद ड्रममध्ये ती साठते. पुढे झाकण उडतं, किंवा तळ उडतो, आणि कापणारा त्यावरच ओणवा असतो. आत काय होतं ते माहीत नसेल तर ड्रम कापूच नका. कापायचाच हट्ट असेल तर धारदार छन्नी आणि हातोड्याने, ठिणगी न पाडता, झाकणाची दोन्ही बुचं उघडी ठेवून आणि आत काठोकाठ पाणी भरून कापाची रेघ येते तिथपर्यंतच रिकामं करून. फवारणीच्या औषधाचा ड्रम असेल तर त्यात गुरांना पाणी पाजू नका, हे वेगळं सांगायला लागू नये.

ठिणग्यांचं आलंच आहे तर एक सांगतो. कापूस वेचून भावाची वाट बघत घरात, ओसरीवर, शेडमध्ये भरून ठेवायची आपल्याकडची रीत. त्याच शेडच्या दारात शटरची पट्टी कापायला ग्राइंडर लावणारे महाभाग मी पाहिलेत. ठिणग्या ३५ फुटांपर्यंत जाऊ शकतात असं धरून तेवढ्यातलं जळाऊ सामान हलवायचं किंवा झाकायचं, हा उद्योगातला जुना नियम. कापसात पडलेली ठिणगी लगेच ज्वाळा दाखवत नाही. आत धुमसत राहते. काम झाल्यावर तासभर तिथे कुणीतरी थांबायला हवं, कुलूप लावून जेवायला जायचं नाही.

हातमोज्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच तो पसरतो. ड्रिल मशीन आणि लेथवर सैल मोजे घालायचे नसतात, बरोबर. धागा अडकला की हात आत जातो. पण हाती ग्राइंडरच्या पुस्तिकेत मोजे घालायला सांगितलंय. हाताला घट्ट बसणारे कातडी मोजे घाला, धागे सुटलेले सुती नकोत. मोज्यांची एवढी काळजी असणाऱ्या त्या भाऊने व्हिडिओत गळ्यात पांढरा रुमाल सोडलाय, त्याची दोन्ही टोकं मशीनवर लोंबतायत. मे महिन्याच्या उन्हात रुमालाशिवाय चालत नाही, कबूल. डोक्याला बांधा, टोकं खोचा.

एक्सपायरी: चकतीच्या मधल्या लोखंडी कडीवर महिना आणि वर्ष असतं, साधारण बनवल्यापासून तीन वर्षांचं. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी चकती आपोआप फुटत नाही, एवढी लबाडी मीही मान्य करतो. पण रेझिनला दमट हवा सोसत नाही. पावसाळाभर गळक्या पत्र्याखाली पडलेली चकती तारखेच्या आतही खराब होते. कोरड्या जागी, सपाट ठेवा. आणि एक मिलिमीटर जाडीच्या कापायच्या चकतीच्या चपट्या बाजूने घासू नका, ते काम जाड चकतीचं.

राहिलं तूप आणि चुंबक. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत लोखंडाचा कण काढायला चुंबक वापरतात, हे खरं. ते ऑपरेशन थिएटरमध्ये, कण नेमका कुठे आहे ते बघून, डॉक्टर वापरतात. तुम्ही पापणीवरून स्पीकरचं चुंबक फिरवलंत तर बुबुळात रुतलेला कण हलून आणखी चिरत जाईल. तुपाने तर डॉक्टरला आतलं दिसायचंही बंद होईल. चोळू नका, काडीला कापूस लावून खरवडू नका. वर साधा नजरेचा चष्मा होता म्हणून निश्चिंत राहू नका, बाजू उघड्या असतात. बाजू झाकणारा गॉगल आणि कटरवर काम असेल तर त्यावर फेसशील्ड हवं. वेगाने गेलेला कण कधी कधी डोळ्याच्या आत शिरतो आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. नुसतं टोचल्यासारखं वाटतं, माणूस झोपून उठू म्हणतो. लोखंड आत राहिलं तर ते गंजून पडदा खराब करतं. म्हणून त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं, आणि ‘कचरा गेला’ असं मोघम न सांगता ‘ग्राइंडर चालवत होतो, लोखंड कापत होतो’ असं सांगायचं. पुढे कधी कुणी एमआरआय काढायला पाठवलं तर तिथेही हे आठवणीने सांगा, कारण डोळ्यात राहिलेला लोखंडाचा कण त्या मशीनच्या चुंबकाने आतल्या आत सरकू शकतो.