मिरच्या घरच्या आहेत

"नको आक्का, मिरच्या घरच्या आहेत," असं मी म्हणालो आणि तिथंच चुकलो.

म्हणायची काही गरज नव्हती. मेथीची पेंढी आणि अर्धा किलो दोडका घेऊन झाला होता, पैसे दिले होते आणि आक्का सवयीनं मूठभर हिरव्या मिरच्या पिशवीत टाकायला निघाली होती. सांगलीच्या मंडईत गेली वीस वर्षं ती टाकतेय आणि मी घेतोय. पण ज्यानं साडेचार महिने गॅलरीत मिरचीची सेवा केलीय, त्याला अशा वेळी गप्प बसवत नाही. आवाजातही थोडी बागायतदारी उतरली असणार.

आक्काचा हात मिरच्यांसकट अधांतरी थांबला.

"घरच्या? रान घेतलासा व्हय?"

"नाही, गॅलरीत. कुंड्यांत लावल्यात."

"बरं झालं की. किती निघाल्या?"

इथं 'पुष्कळ' म्हणून सुटता आलं असतं. पण सत्तावीस वर्षं बँकेत काढली. आकडा विचारला की खरा सांगायची खोड जात नाही.

"सात."

"सात किलो?"

"सात मिरच्या."

आक्का हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. तिनं मान वळवली आणि शेजारच्या कांदेवाल्याला, एखाद्याच्या घरी बारसं असल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं, "आरं, सायबांनी मिरची पिकवलीया. सात!"

कांदेवाल्यानं तागडी खाली ठेवली. गिऱ्हाईक उभं होतं, तेही वळलं. "जवारी हाय का हायब्रीड?"

"एफ-वन आहे," मी म्हणालो. पाकिटावर तसं छापलं होतं.

"मग बी धरून उपेग न्हाई. फुडल्या बारीला इस्कटतंय."

हे मला माहीत होतं. संकरित झाडाचं बी पेरलं तर आईबापांच्या वळणाची रोपं येत नाहीत, प्रत्येकाचं निराळं काहीतरी निघतं. पण माहीत असणं वेगळं आणि भर मंडईत कांदेवाल्यानं सांगणं वेगळं.

"बी कुटलं आणलासा?" आक्का.

"ऑनलाइन मागवलं. एकशे एकोणपन्नास रुपये. वीस बिया."

"ईस बिया? मोजून?"

मग आक्कानं जे केलं त्याला खरं म्हणजे तिकीट लावायला हवं होतं. ढिगातून तिनं एक पिकून लाल झालेली मिरची निवडली, अंगठ्याच्या नखानं देठापासून शेंड्यापर्यंत चिरली आणि आतल्या बिया तळहातावर पसरल्या. चपट्या, फिकट पिवळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. हात माझ्या नाकापुढं धरला.

"मोजा."

मी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोजायला लागलो. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही. मागं रांग झाली होती. एक बाई कोथिंबिरीची जुडी हातात धरून माझ्याबरोबर पुटपुटत मोजत होत्या. चाळिसाच्या पुढं आमच्यात एका बीचा मतभेद झाला. साठावर आलो तेव्हा आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. साठ धरा. तुमच्या भावानं किती झालं?"

एका बीला साडेसात रुपये, म्हणजे साडेचारशे. मी तोंडी सांगितलं.

"एका मिरचीत साडेचारशे," आक्का कांदेवाल्याला म्हणाली, आणि तिनं तळहात गटाराकडं झटकला. साडेचारशे रुपये गेले.

एवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण ती म्हणाली, "आमच्या मोरीपाशी एक झाड हाय. कुनी लावलं न्हाई. पाखरानं टाकलं. दोन वर्सं खातोय." आणि माझ्यातला वाचक जागा झाला. मी सांगितलं की पाखरांना मिरची तिखट लागतच नाही. जनावरं बी चावून मोडतात, पाखरं सबंध गिळतात आणि लांब कुठंतरी धडधाकट टाकतात. म्हणून मिरचीनं जनावरांना तिखट दिलं आणि पाखरांना सूट दिली.

आक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे पाखरू जे जाता जाता करतंय, त्याला तुमास्नी साडेचार म्हैने लागले."

तर त्या साडेचार महिन्यांचा हिशेब. बिया शिवरात्रीच्या सुमाराला टाकल्या. मिरचीच्या बीला उगवायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते, म्हणून ट्रे इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवला. व्हिडिओतल्या हसऱ्या तरुणाच्या बिया सातव्या दिवशी उगवल्या होत्या. माझ्या अकराव्या दिवशी, त्याही तेरा. त्यांतली सहा रोपं मर रोगानं बुडाशी काळी पडून आडवी झाली. कारण काय, तर मी प्रेमानं पाणी घालत होतो. शेजारचे काका म्हणाले, हळद टाका. सांगलीत कशावरही हळद टाकायला सांगतात. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर हा सल्ला अधिकृत झाल्यासारखा देतात. टाकली. आडवी झालेली रोपं पिवळी होऊन आडवी राहिली.

उरलेल्या सातांतली तीन नातेवाइकांना दिली. चौकशी करायची नाही असं ठरवलंय. चार कुंड्यांत लावली.

मग आला बोकड्या रोग. पानं चुरगळून होडीसारखी होतात. फुलकिड्यांनी रस शोषला तर कडा वर वळतात, कोळी नावाची बारीक कीड लागली तर खाली. मी रोज सकाळी भिंग घेऊन वर की खाली बघायचो. माझ्याकडं एकाच झाडावर दोन्ही. आंबट ताकात हिंग घालून फवारलं. त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन विचारून गेल्या, पंगत आहे का. मे महिन्यात फुलं आली आणि गळाली, कारण पारा पस्तिशीच्या वर गेला की मिरची फूल धरत नाही. आणि सांगलीचा मे पस्तिशीला थंडी म्हणतो.

सोसायटीची नोटीस निराळी. 'काही सदनिकाधारकांच्या कुंड्यांचे पाणी खाली ठिबकते.' 'काही' म्हणजे मी. ज्या गॅलरीत ऊन दिवसाला अडीच तास येतं, तिला माहितीपत्रकात 'टेरेस गार्डन' म्हणणाऱ्या माणसाला मात्र कुणी नोटीस काढत नाही.

बिया १४९, कोकोपीट १२०, चार कुंड्या ३६०, कडुनिंबाचं तेल १८०, गांडूळखत १००. एकूण ९०९ रुपये. भागिले सात. एक मिरची १२९ रुपये ८६ पैशांना पडली. बायकोनं खरड्यासाठी मागितल्या तेव्हा मी हा आकडा सांगितला. तिनं फ्रिजमधल्या, म्हणजे आक्काच्याच, मिरच्या घेतल्या.

आणि मला राग कशाचा आलाय तेही सांगून टाकतो. सौद्यात दर पडला की मिरची तोडायची मजुरीसुद्धा सुटत नाही, शेतकरी उभं पीक तसंच सोडून देतो. आणि आपण दहाची भाजी घेऊन वर "मिरच्या टाका की जरा" म्हणतो. जणू ती कुणी पिकवलेलीच नाही. आपणच कशाला, मीच. वीस वर्षं. आता साडेचार महिने राबल्यावर मला हे सुचलं. आणि उद्या आक्कापुढं मिरच्यांचे वेगळे पैसे धरले तर ती ते घेणार नाही, वर मंडईभर सांगेल. म्हणजे तीही सोय राहिली नाही.

सातांतली एक मी झाडावरच पिकायला ठेवली होती. बी धरण्यासाठी. कांदेवाल्याला खोटं पाडायचं होतं. काल सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेलो तर खालची निम्मी मिरची नाही. वरच्या निम्म्यातून आतली पांढरी शीर तेवढी लोंबत होती. खरं तिखट त्या शिरेत असतं, बियांत नव्हे. आक्काला हे सांगायचं राहिलंच. ग्रिलवर एक बुलबुल बसला होता, डोक्यावर तुरा, शेपटीखाली लाल. त्यानं माझ्याकडं बघितलं, चोच गजाला दोनदा पुसली आणि घाईघाईनं नव्हे, सावकाश उडाला. आक्काच्या मोरीच्या दिशेनं, असं मला वाटलं. पण ते मनाचे खेळ असतील.

आज मंडईत गेलो. दुसऱ्या गाळ्यावर जाणार होतो, पण कांदेवाल्यानं लांबूनच हात केला.

"या सायेब," आक्का वांगी निवडत म्हणाली. "सात मिरच्या बऱ्या हाईत का?"

"सहा," मी म्हणालो.

आक्कानं काही विचारलं नाही. पिशवीचं तोंड उघडून दोन मुठी टाकल्या.